देव्हाऱ्यातला फ्रेंच घोडेस्वार

मी सांगलीहून जळगावला निघाले तेव्हा माझ्याबरोबर एक फ्रेंच घोडेस्वार होता. पांढऱ्या घोड्यासकट साडेतीन इंच उंच, शिशाचा, निळ्या डगल्याचा, डोक्यावर उंच केसाळ टोपी घातलेला आणि उजव्या हातात तलवार उगारलेला. त्याला मी स्टीलच्या डब्यात, दवाखान्यातल्या कापसात गुंडाळून ठेवलं होतं. मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे घरात कापसाला तोटा नाही.

गेली पंचवीस वर्षं मी रंगवलेले छोटे शिपाई जमवते. रोमन, मुघल, मराठे, फ्रेंच, दोन्ही महायुद्धांतले, सगळे. आमच्या घरी याला ‘हिची पलटण’ म्हणतात आणि धूळ पुसायची वेळ आली की सगळे बाहेर जातात. या पलटणीतला माझा सगळ्यात लाडका म्हणजे हा घोडेस्वार. बारा वर्षांपूर्वी नाशिकच्या एका प्रदर्शनात मिळाला. त्याच्या पायथ्याखाली बारीक अक्षरात ‘शांताराम, धुळे’ एवढंच लिहिलेलं होतं. हे शांताराम कोण, हयात आहेत की नाहीत, काहीच माहीत नव्हतं.

आम्हा शिपाई जमवणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात जळगावचे भास्करभाऊ आहेत. त्यांनीच शोध लावला की शांतारामनाना धुळ्यातच राहतात, आता ऐंशीच्या पुढे आहेत, जन्मभर त्यांनी आग्रा रोडवर ट्रक रंगवले आणि फावल्या वेळात हे शिपाई केले. मी फोन केला. नाना म्हणाले की हात कापतात म्हणून चार वर्षांत ब्रश धरला नाही आणि केलेल्यातला एकही शिपाई स्वतःजवळ राहिला नाही. मग म्हणाले, ‘तो पांढऱ्या घोड्यावरचा तुमच्याकडं असेल तर एकदा हातात घेऊन बघायचाय.’ मी आणते म्हणाले. कुरिअरनं पाठवायचा धीर होईना, म्हणून स्वतःच निघाले; आधी जळगावला भास्करभाऊंकडे आणि तिथून त्यांच्याबरोबर धुळ्याला, असं ठरलं.

सांगली ते जळगाव या प्रवासात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. डबा मांडीवर असल्यामुळे काही घडू नये अशीच माझी इच्छा होती.

जळगाव

डिसेंबरातली सकाळ होती आणि सांगलीत कधी वाजत नाही अशी थंडी होती. आमच्याकडे रस्त्यावर उसाच्या गाड्या, इथे केळीचे ट्रक आणि पाइपांच्या मोळ्या. स्टेशनपासून भास्करभाऊंच्या घरापर्यंत मी सोन्याची इतकी दुकानं पाहिली की अंगावरच्या मंगळसूत्राची मला लाज वाटू लागली.

भास्करभाऊंचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. पन्नाशीचे, गोलसर, मवाळ बोलणारे गृहस्थ. त्यांच्या दिवाणखान्याच्या तीन भिंतींना काचेची कपाटं आणि त्यात चारशेच्या वर शिपाई. वरच्या कप्प्यात रोमन, मग खाली उतरत उतरत मराठे, इंग्रज, पहिल्या महायुद्धातले फेटेवाले शीख. सगळ्यात खाली बर्फातले आपले जवान. तो बर्फ म्हणजे त्यांच्या शेतातला कापूस होता. मराठ्यांच्या तोफखान्यातल्या तोफा मी फार वेळ न्याहाळल्या, इतक्या त्या खऱ्या वाटत होत्या. भास्करभाऊंनी संकोचून सांगितलं की त्या ठिबकच्या बारीक नळीच्या आहेत, दुकानात उरलेल्या तुकड्यांच्या.

मी डबा उघडून घोडेस्वार टेबलावर ठेवला. भास्करभाऊ गुडघ्यांवर बसले आणि भिंगातून बघत राहिले. मग एखाद्या नातेवाइकाचा आजार सांगावा तसं हलक्या आवाजात म्हणाले, ‘डॉक्टर, बाकी बठ्ठं बरोबर आहे, पण खोगिरावरचं हे गुलाबाचं फूल चूक आहे. फ्रेंच घोडदळात असं फूल नव्हतं.’

ते मला माहीत होतं. लाल पाकळ्या आणि दोन हिरवी पानं असलेलं ते फूल थेट ट्रकच्या मागच्या फळीवरून उतरलेलं होतं. परदेशातल्या दोन-तीन जाणकारांनीही मला ते खरवडून काढायला सुचवलं होतं. मी कधी मनावर घेतलं नाही.

इतक्यात वरून वांगी भाजल्याचा वास आला आणि भास्करभाऊ म्हणाले, चला, गच्चीवर चला, आज चंपाषष्ठी, अक्कांचं भरीत चाललंय. अक्का म्हणजे त्यांच्या आई, यमुनाअक्का. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर पारोळ्याजवळचं, बोली अजून तिकडचीच. चंपाषष्ठी म्हणजे खंडेरायाचा दिवस, आणि या घराचं कुलदैवत खंडेराव. देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कोणी जेवणार नव्हतं.

गच्चीवर कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. एकेक वांगं हातभर लांब आणि हिरवट-पांढरं. आम्ही सांगलीकर कृष्णाकाठच्या वांग्यांपुढे जगातलं दुसरं वांगं मानत नाही, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. भास्करभाऊंच्या पत्नीनं एका वांग्याची साल काढली, ते लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचलं आणि नैवेद्य झाल्यावर खा एवढंच म्हणाली. ते खाल्ल्यापासून मी या विषयावर गप्प आहे. सांगलीत मात्र हे कुणाला सांगितलेलं नाही.

पण जेवणाआधी एक गोष्ट घडली. आम्ही गच्चीवरून खाली आलो आणि टेबलावर घोडेस्वार नव्हता.

आधी मला वाटलं भास्करभाऊंनी कपाटात ठेवला असेल, आणि त्यांना वाटलं मी डब्यात ठेवला असेल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आम्ही सोफ्याखाली बघितलं, गालिचा उलटा केला. भास्करभाऊंनी तर रोमन पलटणीतही शोधलं, जणू तो आपल्या पायांनी चालत तिकडे गेला असावा. मला नानांचा आवाज आठवत होता. आता धुळ्याला फोन करून काय सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते.

तेवढ्यात आतून घंटा वाजली.

देव्हाऱ्यात बाळकृष्ण आणि देवाचे टाक यांच्या मधोमध माझा फ्रेंच घोडेस्वार उभा होता. त्याच्यावर भंडारा उधळलेला होता. तलवारीच्या टोकाला झेंडूची पाकळी खोचली होती. आणि तिळाएवढ्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता, अगदी मधोमध, कुठेही न पसरलेला. मी आयुष्यभर बारीक काम केलंय. तसा टिळा मला लावता आला नसता.

अक्का हात जोडून बसल्या होत्या. आम्हाला पाहून प्रसन्न हसल्या.

‘हाऊ खंडेराव शे. तू लई उनी, बरं करं माय,’ त्या मला म्हणाल्या. हा खंडेराव आहे, तू घेऊन आलीस, बरं केलंस. चंपाषष्ठीच्या दिवशी सांगलीची बाई पांढऱ्या घोड्यावरचा देव घेऊन दारात आली, यात त्यांना शंका घ्यावी असं काही वाटलं नव्हतं.

मी भास्करभाऊंकडे पाहिलं. चारशे शिपायांचा हा धनी भिंतीला टेकून उभा होता. घसा खाकरून त्यांनी आईला सांगितलं की हा देव नाही, परदेशी शिपाई आहे.

‘खंडेराव बी शिपाईच शे,’ अक्का म्हणाल्या, आणि ताटात नैवेद्य वाढायला घेतला.

 फ्रेंच घोडेस्वारासमोर भरीत, रोडगे आणि कांद्याची पात आली. आरती झाली. मीही टाळ्या वाजवल्या.

जेवणं झाल्यावर मी अक्कांशेजारी जाऊन बसले आणि सगळं सरळ सांगितलं. धुळ्यात एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्या हातचं हे काम, हात कापतात म्हणून आता त्यांना काही करता येत नाही, एकदा बघायचं म्हणालेत, आणि मी शब्द दिलाय. पूजेतली वस्तू उचलून द्या म्हणणं मलाच जड जात होतं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझी तयारी नकार ऐकण्याची होती.

‘मंग देवले एकला धाडतस का?’ त्या म्हणाल्या. ‘मी बी येस.’

पारोळा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भास्करभाऊंच्या गाडीतून निघालो. पुढे भास्करभाऊ, मागे मी आणि अक्का. अक्कांच्या मांडीवर तांब्याचं ताम्हण, त्यात तांदूळ आणि तांदळात खुरापर्यंत रुतून उभा असलेला घोडेस्वार. मी डबा आणि कापूस पुढे केला होता, पण देवाला डब्यात कोंबायची कल्पना अक्कांना पसंत पडली नाही. खरं सांगायचं तर तांदळात तो कापसापेक्षा जास्त घट्ट बसला होता.

दोन्ही बाजूंना कपाशी वेचायला आलेली, मधेच केळीचा हिरवागार पट्टा. अक्का प्रत्येक गावाचं नाव सांगत होत्या आणि त्या गावात नातेवाइकांतली कुठली मुलगी दिलीय तेही. मला पहिल्या तासातच त्या ‘तू’ म्हणू लागल्या होत्या. आमच्याकडे डॉक्टरीणबाई म्हणतात आणि लांब बसतात. इथे मी ‘माय’ झाले होते आणि माझ्या पदराला हात पुसले जात होते.

पारोळ्याला किल्ल्याजवळ चहासाठी थांबलो. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, आणि खंदकापलीकडे थेट बाजार. मी दोन-चार फोटो काढायला पुढे गेले. भास्करभाऊ चहा सांगायला गेले. अक्का पाय मोकळे करायला उतरल्या आणि ताम्हण गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. माहेरचा मुलूख, बाजाराचा दिवस. ओळखीचं कुणी ना कुणी भेटणारच होतं.

मी परत आले तेव्हा गाडीपुढे रांग होती.

आठ-दहा बायका, तीन-चार टोपीवाले आबा. कुणी नमस्कार करत होतं, कुणी ताम्हणात फूल टाकत होतं, एकानं दोन केळी ठेवली होती. अक्का बाजूला उभ्या राहून हा सांगलीचा खंडेराव असल्याचं सांगत होत्या. एका आबांनी टोपी फारच केसाळ असल्याबद्दल विचारणा केली. अक्कांनी तिकडे तशीच पद्धत असल्याचं सांगून टाकलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगलीची असल्यामुळे मान डोलावणं भाग होतं.

शेवटी निळी शाल पांघरलेली एक बाई वाकून पाया पडली, सरळ झाली आणि घाईनं निघून गेली. गर्दी पांगली. मी ताम्हणात पाहिलं. घोडेस्वाराचा उजवा हात कोपरापासून नव्हता. तलवारही नव्हती.

 बारा वर्षं मी त्या तलवारीला फुंकरसुद्धा जपून घातली होती. आम्ही तिघं आणि चहावाला ओणवे होऊन रस्ता शोधू लागलो. काय हरवलंय ते न विचारता आणखी चार-पाच जण ओणवे झाले. मग अक्कांनी कमरेवर हात ठेवून विचार केला आणि म्हणाल्या की लोकरीची शाल होती, त्यातच अडकली असणार, आणि ती बाई समोरच्या बसमध्ये बसलीय.

बस सुटलीच होती. भास्करभाऊ धावले. त्यांना धावताना पाहून कंडक्टरनं घंटी मारली आणि बस थांबली. दारात उभे राहून, धापा टाकत, भास्करभाऊ जे बोलले ते मी शब्दशः ऐकलं.

‘निळी शालवाली बाई आहे ना आत, तिच्या शालीत तलवार आहे.’

कंडक्टर एक पायरी मागे सरकला. आत अख्खी बस उभी राहिली. ती बाई बिचारी सगळ्यांच्या नजरांखाली पांढरी पडली आणि तिनं शाल अंगावरून काढून हात लांब करून धरली. मी मागून पोचले, दवाखान्यात करते तसं ‘कुणी हलू नका’ म्हणाले, आणि शालीच्या दशांत काडीएवढी तलवार तिच्या मुठीसकट आणि हातासकट सापडली. मी ती चिमटीत धरून दाखवली. कंडक्टरनं ती बघितली, भास्करभाऊंकडे बघितलं, आणि घंटी मारली.

अक्कांना या प्रकाराची खंत नव्हती. गाडीत बसल्यावर त्या समाधानानं म्हणाल्या, ‘बठ्ठासनी दर्शन लिधं.’ म्हणजे सगळ्यांनी दर्शन घेतलं. मी तुटका हात कापसात गुंडाळला आणि धुळं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला रडू येत होतं आणि ते अक्कांना दिसू नये असं वाटत होतं. त्यांना ते दिसलंच. त्यांनी देवापुढचं एक केळं सोलून माझ्या हातात ठेवलं.

धुळे

नानांचं घर हमरस्त्यापासून जवळ, एका साध्या वसाहतीत आहे. बसल्या जागी ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. नाना उंच, वाळके, पांढरा सदरा-लेंगा घातलेले. दार उघडायला स्वतः आले आणि कडीवरचा त्यांचा हात थरथरताना दिसला.

मी आत शिरताच माफी मागायला सुरुवात केली. वाटेत हात मोडला, चूक माझी, डब्यात ठेवायला हवा होता, वगैरे. नानांनी ऐकलं न ऐकलं केलं. अक्कांनी त्यांच्यापुढे ताम्हण धरलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी घोडेस्वार उचलला, खिडकीपाशी नेला आणि तोंडाकडे न बघता आडवा धरून खोगिराची बाजू उजेडात आणली. 

‘आहे,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं कुणी खरवडून काढलं असेल.’

मग त्यांनी सांगितलं. हा शिपाई त्यांनी एका जुन्या परदेशी मासिकातल्या चित्रावरून केला. घोडा मात्र परदेशी नाही, तो त्यांच्या गल्लीतल्या टांगेवाल्याचा. सगळं रंगवून वाळत ठेवलं आणि ते कामावर गेले. त्यांच्या पत्नी ट्रकवरची फुलं रंगवायला त्यांना मदत करायच्या. गुलाब त्यांच्याच हातचे, सबंध आग्रा रोडवर नावाजलेले. संध्याकाळी घरी येऊन बघतात तर खोगिरावर फूल. पत्नी म्हणाल्या, एवढी मोठी जागा ओकीबोकी दिसत होती. नाना चिडले होते. दोन दिवस बोलले नाहीत आणि तशाच रागात त्यांनी तो विकून टाकला.

‘तिचे ट्रकांवरचे गुलाब गेले. ट्रक भंगारात जातात,’ नाना म्हणाले. ‘ती गेल्यावर मी घरभर शोधलं. तिच्या हातचं फूल कशावरच नव्हतं. एवढं एकच कुठंतरी असेल असं वाटायचं.’

भास्करभाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. त्या फुलाला चूक म्हणणारा माणूस आता तिथे कुणी नव्हता.

घोडेस्वार सांगलीला परत न्यायचा नाही, हे माझ्या मनात तेव्हाच ठरलं. पण तो आता एकट्या माझा राहिला नव्हता. पूजा झाली होती, अक्का तो परत देव्हाऱ्यात न्यायला बसल्या होत्या. मी अक्कांकडे बघितलं आणि कसं विचारावं ते कळेना. अक्का खोगिरावरचं फूल डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या.

‘हाऊ आठलाच शे,’ त्या मला म्हणाल्या. ‘आठेच राहू दे.’

इथलाच आहे, इथेच राहू दे. एवढं बोलून त्यांनी त्याला खिडकीत ठेवलं आणि नमस्कार केला. मग नानांकडे वळल्या. ‘नाना, माले दुसरा करी दे.’

नानांनी उत्तर म्हणून उजवा हात पुढे केला. तो हात हवेत थरथरत राहिला.  अक्कांना मात्र ते उत्तर वाटलं नाही. त्या वाट बघत राहिल्या.

मला माझी डॉक्टरी आठवली. दातावर काम करताना आम्ही हात अधांतरी धरत नाही, अनामिका शेजारच्या दातावर टेकवतो, म्हणजे उरलेली बोटं स्थिर राहतात. मी नानांना खुर्चीवर बसवलं, कोपर टेबलावर टेकवलं, अनामिकेखाली काड्यापेटी दिली आणि तुटका हात जोडायला घेतला. चिकटवण्याचा थेंब मी लावला, पण हात जागेवर नानांनीच बसवला. पहिल्या प्रयत्नाला नेम चुकला, दुसऱ्याला चुकला, तिसऱ्याला तलवार पुन्हा उगारली गेली. नानांनी ब्रश मागितला. त्यांच्या सुनेनं तो कपाटातून काढून दिला तेव्हा त्याचे केस दगडासारखे कडक झाले होते. तो भिजत घालून आम्ही जेवायला बसलो. शेवभाजी होती. तिच्या तिखटानं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे कुणाचं कशामुळे ते विचारावं लागलं नाही.

परतीला भास्करभाऊंनी मला त्यांच्या दोन तोफा दिल्या. माझ्या कपाटातल्या मोकळ्या जागेवर त्या ठेवल्यात. घरच्यांनी फरक ओळखला, ही मला अनपेक्षित गोष्ट होती.

सांगलीला येऊन दीडेक महिना झाला असेल. ग्रुपवर भास्करभाऊंनी फोटो टाकला. पांढरा घोडा, पिवळं उपरणं, हातात तलवार, डोक्यावर नीट पागोटं. नानांनी केलेला खंडेराव. घोड्याचा लगाम मात्र सरळ नव्हता, रेघ जागोजागी नागमोडी झाली होती. ग्रुपवर कुणीतरी ते लगेच दाखवून दिलं. त्यावर भास्करभाऊंनी अक्कांच्या आवाजातला निरोप पाठवला. ‘लगाम हालनारच माय. घोडा पयी राहिना.’ पळत्या घोड्याचा लगाम स्थिर कसा राहील, असं त्यांचं म्हणणं.

मी लगेच नानांना फोन लावून हे सांगितलं.  मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता. नाना म्हणाले की अक्कांच्या शेजारणीनंही एक खंडेराव करायला सांगितलाय, त्याचा घोडा उभा काढायचा विचार होता, पण आता तोही पळताच काढतो.